आईच्या पायातले पेटके आणि अमेरिकेहून आलेली बाटली

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई ४६ वर्षांच्या आहेत आणि पुण्यात नोकरी करतात. आई-वडील तासगाव तालुक्यात असतात, घरची द्राक्षबाग आहे. आईंचं वय ७२, वजन ४८ किलो. रात्री पोटरीत गोळा येऊन त्या ओरडत उठायच्या, म्हणून अमेरिकेतल्या धाकट्या भावाने मॅग्नेशियम ग्लायसिनेटच्या कॅप्सूलची मोठी बाटली पाठवली आणि रात्री दोन घ्यायला सांगितल्या. चार रात्री बऱ्या गेल्या, तसं आईंनी आपल्याच मनाने सकाळीही दोन सुरू केल्या. याला दोन महिने झाले. आता अधूनमधून जुलाब होतात, दिवसभर सुस्ती असते, उठताना गरगरतं. गावातले डॉक्टर म्हणाले, "असलं काही घेऊ नका." भाऊ म्हणतो, "तिकडच्या डॉक्टरांना हे माहीतच नसतं. नैसर्गिक खनिज आहे, जास्त झालं तर लघवीतून निघून जातं." वडील म्हणतात, "बागेला पोत्याने मॅग्नेशियम देतो आपण, चार कॅप्सूलने काय होतंय!" आणि आई म्हणतात, "पोराने एवढ्या लांबून पाठवलंय, टाकून कसं देऊ?" वर त्यातल्या थोड्या शेजारच्या मधुमेहाच्या काकूंनाही देतात. ताईंनी आईंच्या सगळ्या औषधांचे आणि जुन्या रिपोर्टचे फोटो पाठवलेत. प्रश्न असे: कोणाचं खरं? बंद करायच्या की कमी करायच्या? दुसऱ्या प्रकारचं मॅग्नेशियम घ्यावं का? आणि झोपेसाठी ताई स्वतःही त्याच बाटलीतली एक कॅप्सूल घेतात, ती चालेल का?

ताई, आधी आजचं काम सांगतो, बाकीचं सावकाश वाचा.

आईंच्या कॅप्सूल आजपासून बंद. हळूहळू कमी करत आणायची गरज नाही. फोटोतल्या त्या पांढऱ्या पातळ औषधाची बाटलीही बाजूला ठेवा, त्याबद्दल पुढे लिहितो. रक्तदाबाची आणि थायरॉईडची गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. पण आजच डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी नक्की सांगा: जुलाब होतात आणि उठताना गरगरतं. आईंच्या रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर क्लोरथॅलिडोन आहे, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध. शरीरातलं पाणी जुलाबातून आधीच जात असताना ही गोळी तशीच चालू ठेवायची का, हे त्यांनी ठरवायला हवं. उद्या सकाळी रक्त द्या: क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि टीएसएच (थायरॉईडसाठी). तालुक्याच्या लॅबमध्ये मॅग्नेशियम होत नसेल तर ते नमुना सांगलीला पाठवतात.

आणि आई हाक मारल्यावर नीट जाग्या होत नसतील, उभं राहता येणार नाही इतकी ताकद गेली असेल, श्वास संथ झाला असेल, नाडी फार मंद लागत असेल, चक्कर येऊन पडल्या असतील किंवा लघवी थांबली असेल, तर लॅबची वाट बघू नका. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि ती बाटली बरोबर घ्या. "अमेरिकेची कसली तरी गोळी" एवढ्यावर तिथल्या डॉक्टरला काही उमगत नाही, बाटलीच्या मागची चौकट वाचली की लगेच कळतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. डॉक्टर खरे की भाऊ, असं तुम्ही विचारलंय. दोघांचंही थोडं बरोबर आहे आणि दोघांनीही मुख्य गोष्ट पाहिलेली नाही. दोघं फक्त त्या बाटलीबद्दल बोलताहेत. आईंच्या पोटात एकूण काय काय जातं आणि त्यांची किडनी त्यातलं किती बाहेर टाकू शकते, हे कोणी मांडलेलंच नाही. तुमच्या फोटोंवरून मी ते मांडून पाहिलं.

एका कॅप्सूलमध्ये १०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, म्हणजे चार कॅप्सूलचे रोजचे ४०० मिलिग्रॅम. मग ते पांढरं औषध, पोट साफ होण्यासाठीचं. फोटोत लेबल स्पष्ट दिसतं: मिल्क ऑफ मॅग्नेशिया. नावातच मॅग्नेशियम आहे, पण घरात कोणी त्याची या कॅप्सूलशी सांगड घातली नाही, कारण ते "पोटाचं औषध" आणि हे "पायाचं औषध". साध्या मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, साधारण ४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं. त्यात निव्वळ मॅग्नेशियम १६५ च्या आसपास. आई दोन चमचे घेतात, म्हणजे ३३० झालं. कॅल्शियमच्या गोळीच्या पाकिटावरही बारीक अक्षरात मॅग्नेशियम आहे, फोटोत आकडा वाचता येत नाही, तो तुम्ही पाहा. म्हणजे ज्या दिवशी पांढरं औषध घेतलं त्या दिवशी सातशेच्या पुढे. अमेरिकेत प्रौढ माणसाने गोळ्या-औषधांतून घ्यायच्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा दिवसाला ३५० मिलिग्रॅम धरतात. युरोपातली यापेक्षाही कमी, २५०. अन्नातलं मॅग्नेशियम यात धरत नाहीत, ते वेगळं. डॉक्टर एखाद्याला याहून जास्त देतात, पण देखरेखीखाली आणि कारण असेल तर.

जुलाबाचं कोडं इथेच सुटतं. आतड्यात न शोषलेलं मॅग्नेशियम पाणी ओढून धरतं आणि शौच पातळ होतं. मिल्क ऑफ मॅग्नेशियाने पोट साफ होतं ते याचमुळे. जुलाब झाले की आई पांढरं औषध बंद करतात, दोन दिवस पोट थांबलं की पुन्हा घेतात, आणि कॅप्सूल मात्र रोज चालूच. ग्लायसिनेटने पोट बिघडायचं प्रमाण मॅग्नेशियम ऑक्साइड या दुसऱ्या प्रकारापेक्षा कमी असतं हे खरं, पण म्हणून चार कॅप्सूल आणि वर दोन चमचे चालतील असं नव्हे.

भावाच्या "लघवीतून निघून जातं" या वाक्याकडे वळू. तरुण, धडधाकट माणसाच्या बाबतीत ते बरोबर आहे. किडनी जादा मॅग्नेशियम इमानेइतबारे बाहेर टाकते, म्हणून अशा माणसाला जास्त झालं तर बहुधा जुलाब, मळमळ, पोटात कळ, इतक्यावरच भागतं. पण आईंच्या सहा महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.१ आहे, त्यापुढे लॅबने नॉर्मल छापलंय आणि तुम्ही सगळे निर्धास्त झालात. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होतं. ४८ किलोच्या ७२ वर्षांच्या बाईच्या अंगात स्नायू ते किती? त्यामुळे किडनी निम्म्यावर आली तरी हा आकडा नॉर्मलच्या रेघेत बसू शकतो. वय, वजन आणि बाई की पुरुष हे धरून किडनीची क्षमता काढायचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट नावाचं जुनं सूत्र आहे. त्यात आईंचे आकडे घातले तर उत्तर मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या आसपास येतं. धडधाकट तरुण माणसात ते शंभराच्या आगेमागे असतं. ३० च्या खाली गेलेल्यांनी मॅग्नेशियमच्या गोळ्या डॉक्टरांशिवाय घेऊच नयेत. आई त्या रेषेच्या अगदी जवळ आहेत, आणि हा आकडा जुलाब सुरू व्हायच्या आधीचा आहे.

जुलाबाने पाणी कमी होतं, पाणी काढणारी गोळी त्यात भर घालते, किडनीकडे रक्त कमी पोहोचतं, किडनी मॅग्नेशियम कमी टाकते आणि ते अंगात साठायला लागतं. मला चिंता या साखळीची आहे. शेजारच्या काकूंची गोष्ट तर आणखी नाजूक. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाने किडनी हळूहळू आणि मुकाट्याने खराब होते, पायाला सूज येईपर्यंत माणसाला पत्ताही नसतो. त्यांना दिलेल्या कॅप्सूल आजच परत घ्या. आईंना संकोच वाटेल, तर तुम्ही फोन करा.

हा बागुलबुवा नाही. जपानमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड हे बद्धकोष्ठतेवरचं अगदी घरोघरचं औषध आहे. तिथे वयस्कर माणसांच्या रक्तात मॅग्नेशियम वाढून काही जण दगावल्यावर औषध नियंत्रकांनी २००८ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये डॉक्टरांना सावध केलं. त्यातल्या काहींची किडनी ठीक होती. पोट साफ होत नसलं की औषध आतड्यात जास्त वेळ पडून राहतं आणि जास्त शोषलं जातं, हे त्यामागचं एक कारण.

मॅग्नेशियमचा जोर काय असतो हे पाहायचं असेल तर कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात पाहा. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात किंवा येण्याची भीती असते, तेव्हा मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. या इंजेक्शनने असंख्य बायकांचे जीव वाचलेत. पण पुढचा डोस भरण्याआधी सिस्टर तीन गोष्टी पाहतात: गुडघ्याखाली छोटी हातोडी मारल्यावर पाय उडतो का, मिनिटाला श्वास किती, आणि गेल्या चार तासांत लघवी किती झाली. पाय उडाला नाही तर डोस थांबतो. कारण मॅग्नेशियम वाढत गेलं की आधी ही प्रतिक्षिप्त क्रिया जाते, त्यानंतर श्वास, शेवटी हृदयाचे ठोके. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन हाताशी ठेवलेलं असतं. तोंडाने घेतलेल्या कॅप्सूलने सहसा हा टप्पा येत नाही. पण नैसर्गिक खनिज म्हणून निरुपद्रवी, हा हिशोब कुठे चुकतो ते यावरून कळेल. मीठही नैसर्गिकच आहे की.

इथपर्यंत वाचून "म्हणजे डॉक्टरांचंच खरं" असं म्हणाल, तर थांबा. आई रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घेतात, आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे "कित्येक वर्षं". या जातीच्या पित्ताच्या गोळ्या वर्ष-वर्ष घेतल्या तर आतड्यातून मॅग्नेशियम शोषलं जाणं कमी होतं आणि रक्तातलं मॅग्नेशियम घसरू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये तसा इशारा दिला होता. त्यांनी पाहिलेल्या साधारण चौथा हिस्सा रुग्णांत नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नाही, पित्ताची गोळीच थांबवावी लागली. क्लोरथॅलिडोननेही लघवीतून मॅग्नेशियम जातं. म्हणजे बाटली येण्याआधी आईंना खरंच कमतरता होती, हे अगदी शक्य आहे. भावाचा अंदाज साफ चुकीचा नव्हता. फक्त त्यावर बाटली पाठवण्याआधी एक रक्त तपासणी आणि "पित्ताची गोळी अजून लागते का?" हा प्रश्न यायला हवा होता. बऱ्याच घरांत ही गोळी कधीतरी दुसऱ्याच एका दुखण्याबरोबर सुरू होते आणि मग बंद करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. एकदम थांबवली तर काही दिवस पित्त उसळतं, म्हणून कशी सोडायची तेही डॉक्टरांनाच विचारा.

तपासणीबद्दल वडिलांना कळेल असं सांगतो. द्राक्षाच्या वेलीला माती परीक्षणात सगळं ठीक दिसतं आणि देठ परीक्षणात कमतरता निघते, हे त्यांनी पाहिलं असेल. रक्तातल्या मॅग्नेशियमचं तसंच आहे. अंगात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत आणि रक्तात एक टक्काही नाही. रक्तातला आकडा ठीक असूनही आतला साठा कमी असू शकतो. पण रक्तातला आकडा वाढलेला आला तर मात्र तो खरा मानायचा आणि धावपळ करायची. वडिलांना हेही सांगा की बागेला देतात ते मॅग्नेशियम सल्फेट आणि एप्सम सॉल्ट रसायन म्हणून एकच, पण कृषी सेवा केंद्रातलं पोतं माणसाच्या पोटासाठी शुद्ध केलेलं नसतं. हे लिहावं लागतंय, कारण "तेच चमचाभर घेतलं तर स्वस्तात पडेल का?" असं मला खरोखर विचारलं गेलेलं आहे. नाही.

सुस्तीचा दोष सगळा मॅग्नेशियमवर टाकायची घाई करू नका. सत्तरीतल्या बारीक चणीच्या बाईला क्लोरथॅलिडोन चालू असेल आणि त्यात जुलाब झाले, तर सोडियम घसरतं, आणि त्यानेही माणूस असाच मलूल होतो. म्हणून तपासणीच्या यादीत सोडियम घातलंय. दुसरी शंका थायरॉईडची. आई सकाळी थायरॉईडची गोळी घेतात, "मग चहाबरोबर बाकीच्या सगळ्या एकदम", असं तुम्ही लिहिलंय. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉईडच्या गोळीला आतड्यात धरून ठेवतात, ती पुरती शोषली जात नाही. दोघांत चार तासांचं अंतर लागतं. दोन महिने थायरॉईडचं औषध अर्धवटच लागू पडत असेल, तर सुस्ती येणार, पोट साफ होणार नाही आणि पायात पेटकेही येऊ शकतात. ज्यासाठी कॅप्सूल घेतल्या तेच वाढायचं. टीएसएच वाढलेलं आलं तर गोळीचा डोस लगेच वाढवून घेऊ नका. आधी अंतर पाळा आणि पुन्हा कधी तपासायचं ते डॉक्टरांना विचारा, बहुधा दीड-दोन महिन्यांनी सांगतील.

ही अंतराची गोष्ट इतर वाचकांनीही लक्षात ठेवावी. डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक्स चालू असतील तर ती मॅग्नेशियमच्या निदान दोन तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्यायची, नाहीतर कोर्स पुरा होतो आणि जंतुसंसर्ग तसाच राहतो. हाडांच्या ठिसूळपणावरच्या अॅलेंड्रोनेटलाही किमान दोन तास मोकळे हवेत, नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेंटिनलाही. स्पायरोनोलॅक्टोन किंवा अॅमिलोराइड घेणाऱ्यांचं वेगळंच: ही औषधं मॅग्नेशियम अंगात राखून ठेवतात, त्यामुळे वरून गोळी घेताना दुप्पट सावधपणा हवा. पित्तासाठी मेडिकलमधून सहज आणतो त्या पातळ औषधांत आणि चघळायच्या गोळ्यांत बहुतेक वेळा मॅग्नेशियम असतंच, तेही हिशोबात धरायचं.

आता मूळ दुखणं, पोटरीतले पेटके. "मॅग्नेशियमने चार रात्री बऱ्या गेल्या" यावर घरात सगळ्यांचा विश्वास बसला आहे. पण रात्रीचे पेटके असेच असतात, काही आठवडे येतात आणि आपोआप थांबतात. थांबायच्या वेळेला जे काही घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं. वयस्कर लोकांवर झालेल्या चांगल्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये निष्कर्ष काढला की त्यांच्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा म्हणण्यासारखा फायदा होईल असं दिसत नाही. खरोखर कमतरता असलेल्यांची गोष्ट निराळी. याच दुखण्यावर पूर्वी क्विनाइन द्यायचे, कोणी आजही सुचवतील. घेऊ नका, त्याने रक्तातल्या पेशींवर आणि हृदयाच्या ठोक्यांवर गंभीर परिणाम होऊ शकतात.

त्यापेक्षा झोपायच्या आधी आईंकडून हे करून घ्या. भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभं राहायचं, तळवे भिंतीला टेकवायचे. एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट. पुढचा गुडघा हळूच वाकवायचा, मागच्या पोटरीला ताण जाणवेपर्यंत. दहा आकडे मोजायचे, सोडायचं, असं तीनदा, मग दुसरा पाय. तोल जाईल अशी भीती असेल तर पलंगावर पाय लांब करून बसायचं आणि चवड्याला जुनी ओढणी अडकवून स्वतःकडे ओढायची. सध्या गरगरतंय तोवर ओढणीचाच प्रकार. पेटका आलाच तर चोळत बसण्याआधी पायाची बोटं नडगीकडे वर ओढा. आणि फक्त एकाच पायाला सूज, गरमपणा, दुखणं असेल, किंवा चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की राहते असं असेल, तर ते पेटके समजून घरी बसू नका. पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर अंगातलं लोह तपासून घ्या.

दुसऱ्या प्रकारचं मॅग्नेशियम घ्यावं का, हे आईंच्या बाबतीत रिपोर्ट पाहून डॉक्टरच सांगतील. पण बाटली वाचायची कशी, हे मात्र सगळ्यांना यायला हवं. पुढे मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ग्लायसिनेट लिहिलेलं असतं. तो पूर्ण संयुगाचा आकडा असेल तर त्यात निव्वळ मॅग्नेशियम १४० च्या आसपासच. सायट्रेटमध्ये शेकडा १६, ऑक्साइडमध्ये ६०, पण ऑक्साइड शोषलं कमी जातं आणि जुलाब जास्त करतं. "बफर्ड" असं लिहिलेल्या ग्लायसिनेटमध्ये बहुधा ऑक्साइडच मिसळलेलं असतं. म्हणून मागची चौकट पाहायची, निव्वळ मॅग्नेशियम किती ते, आणि तो आकडा एका कॅप्सूलचा आहे की दोन-तीनचा मिळून, तेही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पूरक आहारांच्या डब्यांवर "औषधी वापरासाठी नाही" असं कायद्याने छापावं लागतं. ते वाक्य वाचून झाल्यावर दुकानदार गुडघेदुखीपासून नैराश्यापर्यंत काय काय बरं होतं ते सांगतो, तेवढं ऐकून सोडून द्यायचं. एप्सम सॉल्टच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायला हरकत नाही. आराम पडतो तो गरम पाण्याचा. कातडीतून मॅग्नेशियम अंगात भरतं याला भक्कम पुरावा नाही. मधुमेह्यांनी आधी पाणी कोपराने तपासावं, किंवा दुसऱ्या कोणाला बघायला सांगावं.

खाण्यातून मॅग्नेशियम मिळवायला तासगावच्या घरात अडचण नसावी. ज्वारी, बाजरी, नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ते साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम असतं. पॉलिश केलेल्या तांदळात २० च्या आसपास, मैद्यात ३० च्या आगेमागे. तीळ आणि शेंगदाणे याहून पुष्कळ पुढे. दात दुखतात म्हणून आईंनी भाकरी सोडून मऊ भात आणि दूध-पाव धरलाय, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते असावं. दातांच्या डॉक्टरकडे नेणं हा इथे आहाराचाच उपाय आहे. तोवर शाळूची भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, शेंगदाण्याचं कूट भाजीत, तिळाची चटणी. किडनीचा रिपोर्ट फारच खाली आला तर मात्र आहारही विचारूनच ठरवा, तेव्हा पोटॅशियमकडे पाहावं लागतं.

भावाशी बोलायचं राहिलं. डॉक्टर विरुद्ध भाऊ असा सामना लावला की तो बाजू लढवत राहील, कारण बाटलीवरची टीका त्याला स्वतःवरची वाटते. लांब राहून आईसाठी काहीतरी करावंसं वाटलं म्हणून त्याने ती पाठवली, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्याला असं लिहून पाहा: "अरे, आईचं वय-वजन धरून किडनीची क्षमता ३५ च्या आसपास येते. शिवाय पोटाच्या औषधातही मॅग्नेशियम निघालं, मिळून दिवसाला सातशेच्या वर जात होतं. हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून रिपोर्ट येईपर्यंत थांबवलंय. तू एक कर, तिच्या सगळ्या औषधांची यादी कॉम्प्युटरवर नीट बनव, मी फोटो पाठवते. आणि रविवारी तिला व्हिडिओ कॉल करून तूच सांग की थांबव, माझं ऐकत नाही ती." आई त्याचं ऐकतील. पोराने पाठवलेलं पोरानेच बंद करायला सांगितलं की टाकून दिल्याचं वाईट वाटत नाही. ती यादी एका कागदावर छापून आईंच्या पाकिटात ठेवा, चूर्ण, काढे, पित्ताच्या गोळ्या सगळ्यांसह. प्रत्येक डॉक्टरपुढे आधी तो कागद ठेवायचा.

राहिला तुमचा प्रश्न. किडनीचा त्रास नाही, दुसरी औषधं नाहीत असं तुम्ही लिहिलंय, तर रात्रीच्या एका कॅप्सूलने, म्हणजे १०० मिलिग्रॅमने, तुम्हाला अपाय होण्याची शक्यता फार कमी आहे. उपयोगाचं विचाराल तर झोपेसाठीचा पुरावा तोकडा आहे. २०२१ मध्ये एका आढाव्यात वयस्कर लोकांवरच्या तीन छोट्या चाचण्या एकत्र केल्या, सगळे मिळून १५१ माणसं. झोप लागायला सरासरी सतराएक मिनिटं कमी लागली, आणि चाचण्यांचा दर्जा साधारणच, असं करणाऱ्यांनीच म्हटलंय. अर्धशिशीसाठी यापेक्षा बरा पुरावा आहे, पण तिथे डोस मोठा लागतो आणि तो डॉक्टरांनी ठरवायचा. तुमचं वय ४६, पाळी अनियमित झालीय आणि रात्री तीनला घामाने जाग येते असं लिहिलंय. याचा संबंध मॅग्नेशियमपेक्षा रजोनिवृत्तीशी जास्त दिसतो, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. कॅप्सूल घ्यायचीच असेल तर जेवणानंतर घ्या, महिनाभर पाहा, आणि फरक पडला नाही तर सोडून द्या. मध्येच कधी अँटिबायोटिक सुरू झालं तर तेवढे दिवस बंद ठेवा.